रणांगणाबाहेरचे युद्ध

महाराष्ट्रापासून दूरच्या शहरांत स्थायिक झालेल्या आपल्यापैकी अनेकांना युरोपीय चित्रपटांची पहिली ओळख फिल्म सोसायट्यांनी करून दिली. १९४७ साली सत्यजित राय, चिदानंद दासगुप्त प्रभृतींनी कलकत्ता फिल्म सोसायटी स्थापन केली, १९५९ साली देशातील अशा संस्थांचा महासंघ झाला आणि त्यानंतर कुठल्या तरी शाळेच्या वा संस्थेच्या सभागृहात, लोखंडी खुर्च्यांवर बसून, मध्येच तुटणाऱ्या फिती जोडल्या जाण्याची वाट पाहत चित्रपट बघणारा एक वर्ग गावोगावी तयार झाला. या सोसायट्यांचा पैशाच्या नावाने नेहमीच ठणठणाट. त्यामुळे परदेशी वकिलाती नाममात्र भाड्याने किंवा विनामूल्य जे चित्रपट देत, त्यांवर त्यांची बरीच भिस्त असे. सोव्हिएट वकिलात या बाबतीत विशेष उदार होती. औदार्यामागे प्रचाराचा हेतू होता हे सांगावयास नकोच. परंतु गंमत अशी की त्या डब्यांतून अधूनमधून असे काही चित्रपट येत की ज्यांना प्रचार म्हणणे कठीण व्हावे. सोव्हिएट संघ १९९१ साली विसर्जित झाला आणि त्यासोबत ती वाटही बंद झाली. तथापि त्या चित्रपटांपैकी युद्धविषयक चित्रपट मी पुन:पुन्हा पाहत आलो आहे, आणि त्यांच्या शेजारी पोलंड व चेकोस्लोव्हाकियातील चित्रपट ठेवून पाहिल्यावर माझे एक मत बनले आहे. दुसऱ्या महायुद्धावरचे सर्वांत सच्चे चित्रपट ज्या देशांत झाले, तेथे चित्रपटाचा प्रत्येक फूट सरकारच्या मालकीचा होता. हे कसे घडले, आणि त्याची किंमत कोणी मोजली, ते येथे थोडे विस्ताराने मांडावयाचे आहे.

आरंभ एका वाईट चित्रपटापासून करावा लागेल. मिखाईल चियाउरेली याचा 'फॉल ऑफ बर्लिन' हा १९४९-५० सालचा भव्य रंगीत बोलपट स्टालिनच्या सत्तराव्या वाढदिवसानिमित्त निर्माण झाला. त्याच्या अखेरीस शुभ्र गणवेशातील स्टालिन विमानातून बर्लिनमध्ये उतरतो आणि मुक्त झालेले नाना देशांचे लोक त्याचा जयजयकार करतात. प्रत्यक्षात असे काही घडले नाही. स्टालिन पॉट्सडॅमच्या परिषदेसाठी १९४५ च्या जुलैत गेला, आणि तोही आगगाडीने! ज्या युद्धात सोव्हिएट संघाची सुमारे २ कोटी ७० लाख माणसे मेली, त्याचे हे चित्र. आपल्याकडील पौराणिक बोलपटांत देव विमानातून अवतरतात त्याची आठवण होते. फरक इतकाच की आपले देव असत्याचा दाखला म्हणून इतिहास पुढे करीत नाहीत. त्या काळात सोव्हिएट चित्रसृष्टीची अवस्था अशी झाली होती की १९५१ साली एवढ्या अवाढव्य देशात जेमतेम नऊ-दहा कथाचित्रे निघाली. जे निघेल ते निर्दोष असले पाहिजे, म्हणून शक्य तो काही काढूच नये, असा तो कारभार होता.

मार्च १९५३ मध्ये स्टालिन वारला. फेब्रुवारी १९५६ मध्ये क्रुश्चेव्हने पक्षाच्या विसाव्या अधिवेशनात त्याच्या कारकिर्दीचे वाभाडे काढले. पुढच्याच वर्षी मिखाईल कलाटोझोव्ह या दिग्दर्शकाचा 'क्रेन्स आर फ्लाइंग' पडद्यावर आला. १९५८ साली त्याला कान महोत्सवाचा सर्वोच्च सन्मान मिळाला.

या चित्रपटाचा नायक बोरिस युद्धावर जातो आणि कथा पुरती रंगात येण्यापूर्वीच मरतो. तोही कसा? शत्रूवर चाल करून जाताना नव्हे, तर एका चिखलाळ रानात, जखमी सोबत्याला वाहून नेताना कोठून तरी आलेल्या एका गोळीने. तो बर्चच्या झाडाला धरून कोसळू लागतो, वरची झाडे गरगर फिरू लागतात आणि त्या गरगरण्यातून त्याला कधीच न होणारे स्वत:चे लग्न दिसते. इकडे वेरोनिकाला काहीच ठाऊक नाही. बाँबहल्ल्यात तिचे आईवडील जातात. एकाकी, भेदरलेल्या अवस्थेत ती बोरिसच्या चुलतभावाशी, म्हणजे जो खटपटी करून सैन्यभरती टाळतो त्याच्याशी, लग्न करून बसते. पतीची वा प्रियकराची निष्ठेने वाट पाहणारी स्त्री हा युद्धकाळातील सोव्हिएट साहित्याचा ठरलेला आदर्श होता. वेरोनिका वाट पाहू शकली नाही, आणि तरीही चित्रपट तिला शिक्षा करीत नाही. यातच त्याचे मोठेपण आहे. तात्याना सामोइलोव्हा या अभिनेत्रीचा चेहरा ज्यांनी एकदा पाहिला ते तो विसरणार नाहीत.

छायाचित्रकार सेर्गेई उरुसेव्हस्कीविषयी दोन शब्द लिहिलेच पाहिजेत. बोरिसला निरोप द्यायला निघालेली वेरोनिका बसमध्ये अडकते, खाली उतरते, गर्दीतून धावते आणि धडधडत जाणाऱ्या रणगाड्यांच्या रांगेत शिरते. हे सारे एका सलग दृश्यात आहे. हातात कॅमेरा घेतलेला माणूस तिच्याबरोबर बसमधून उतरतो, तिच्यामागे धावतो, आणि नंतर यारीवर चढून उंच जातो. हे तंत्र कळले नाही तरी काही बिघडत नाही. पाहणाऱ्याला आपणच त्या गर्दीत हरवल्यासारखे वाटते, एवढे पुरे.

यानंतर दोन वर्षांनी, १९५९ साली, ग्रिगोरी चुखराई याचा 'बॅलड ऑफ ए सोल्जर' आला. माझ्या मते त्या काळच्या सोव्हिएट चित्रपटांत याच्याइतका साधा आणि याच्याइतका हृदयाला भिडणारा दुसरा नाही. चुखराई स्वत: सैनिक होता, स्टालिनग्राडला लढला होता. त्याचा नायक अल्योशा एकोणीस वर्षांचा आहे. घाबरत घाबरतच तो शत्रूचे दोन रणगाडे निकामी करतो. सेनापती पदक देऊ करतो, तर हा म्हणतो, पदकाऐवजी मला घरी जाऊ द्या. आईच्या घराचे छप्पर गळते आहे, ते शाकारायचे आहे. सहा दिवसांची रजा मिळते: दोन जाण्याचे, दोन घरचे, दोन परतीचे. सारा चित्रपट म्हणजे तो प्रवास. वाटेत एक पाय गमावलेला सैनिक भेटतो, ज्याला बायकोसमोर जाण्याचे धैर्य होत नाही. कोणा अनोळखी सैनिकाने आपल्या बायकोला पोहोचविण्यासाठी साबणाच्या वड्या दिलेल्या असतात. अल्योशा त्या देतो, पण घरात दुसऱ्याच पुरुषाच्या वावराच्या खुणा दिसतात. तेव्हा तो परत फिरतो, साबण मागून घेतो आणि त्या सैनिकाच्या म्हाताऱ्या वडिलांना नेऊन देतो. मालगाडीत एक मुलगी भेटते. असे करता करता दिवस संपतात आणि आईसाठी उरतात काही क्षण. शेतातून धावत आलेली आई, रस्त्यावर थांबलेली मोटार, छप्पर तसेच गळके. तो परत येणार नाही, त्याचे थडगे दूर परमुलखात आहे, हे चित्रपटाने आपल्याला आरंभीच सांगून टाकलेले असते.

हे पाहताना माझ्या मनात नेहमी मराठा लाइट इन्फन्ट्रीचा विचार येतो. याच महायुद्धात आपली मराठी मुले इटलीत लढली. माणगाव तालुक्यातील नाईक यशवंत घाडगे यांना जुलै १९४४ मध्ये तेथेच वीरमरण आले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. शौर्याची नोंद झाली, ती योग्यच झाली. परंतु त्या घरी कोणी कशी वाट पाहिली, पावसाळ्यात छप्पर कोणी शाकारले, हे सांगणारा चित्रपट माझ्या पाहण्यात आलेला नाही.

पोलंडची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. ऑगस्ट १९४४ च्या पहिल्या तारखेस वॉर्सा शहरातील भूमिगत सैन्याने जर्मनांविरुद्ध उठाव केला. तो ६३ दिवस चालला आणि चिरडला गेला. त्या काळात सोव्हिएट फौजा व्हिस्टुला नदीच्या पैलतीरापर्यंत येऊन पोहोचल्या आणि तेथेच थांबल्या. युद्धोत्तर पोलंडमध्ये ही गोष्ट उघडपणे बोलण्याची सोय नव्हती. आंद्रे वायदाने १९५७ साली 'कनाल' काढला. उठावाच्या अखेरच्या दिवसांत एक तुकडी शहराच्या गटारांतून वाट काढू पाहते, एवढेच कथानक. त्यातील एक मुलगी आणि तिचा जखमी प्रियकर अंधारात, घाणीतून रांगत अखेरीस उजेडापाशी येतात. तेथे लोखंडी गज आहेत. गजांपलीकडे नदी आणि नदीपलीकडचा हिरवा काठ.

वायदा येथे काहीही बोलत नाही. पलीकडच्या काठावर त्या वेळी कोण उभे होते हे पोलिश प्रेक्षकाला ठाऊक होते. परिनिरीक्षकाला कात्री लावायला एक शब्दही सापडला नसता. कानला या चित्रपटाला विशेष पारितोषिक मिळाले. समीक्षक वायदाच्या 'ॲशेस अँड डायमंड्स'ला (१९५८) त्याहून वरचे स्थान देतात. तो चित्रपट देखणा आहे यात शंका नाही, पण त्याचे देखणेपण मला कधी कधी जाणवत राहते. 'कनाल' पाहताना जाणवायला उसंतच मिळत नाही. वायदाचे स्वत:चे वडील १९४० साली सोव्हिएट पोलिसांनी केलेल्या पोलिश अधिकाऱ्यांच्या कत्तलीत मारले गेले होते. त्यावर 'कॅटिन' हा चित्रपट काढण्यासाठी त्याला २००७ सालापर्यंत थांबावे लागले. तेव्हा तो एक्क्याऐंशी वर्षांचा होता.

चेकोस्लोव्हाकियातील नवचित्रपटांची आपल्याकडे पुष्कळ चर्चा झाली, म्हणून येथे एकाच चित्रपटावर थांबतो: यान कादार व एल्मार क्लोस या जोडीचा 'शॉप ऑन मेन स्ट्रीट' (१९६५). स्थळ स्लोव्हाकियातील एक गाव, साल १९४२. टोनो नावाच्या गरीब सुताराला एका ज्यू म्हातारीच्या दुकानाचा सरकारी ताबेदार नेमण्यात येते. दुकान बटणांचे, आणि तेही दिवाळ्यात निघालेले. म्हातारी बहिरी, तिला वाटते हा आपला नवा मदतनीस. टोनो वाईट नाही. तो तिचे फर्निचर दुरुस्त करतो, तिच्याशी गोड वागतो. पण ज्यूंना गाड्यांत कोंबून नेण्याचा दिवस उगवतो तेव्हा भल्या माणसाचा भलेपणा किती वेळ टिकतो, हे या चित्रपटाने दाखविले आहे. तिला लपवावे की स्वत: वाचावे या घालमेलीत, दारूच्या नशेत तो तिला कोठडीत ढकलतो, आणि त्यातच ती मरते. पहिला तासभर हा चित्रपट जवळजवळ विनोदी आहे, हे नवख्या प्रेक्षकाला आवर्जून सांगावेसे वाटते. म्हातारीचे काम करणारी इदा कमिन्स्का ही पोलंडच्या यिडिश रंगभूमीवरील थोर नटी. चित्रपटाला ऑस्कर मिळाले. १९६८ साली पोलंडमध्ये ज्यूविरोधी मोहीम उघडली गेली तेव्हा तिला स्वत:ला देश सोडावा लागला. प्रागमध्ये रशियन रणगाडे शिरल्यावर कादारनेही देश सोडला.

येथपर्यंतचे चित्रपट निदान लोकांपर्यंत पोहोचले. जे पोहोचले नाहीत त्यांना रशियन भाषेत 'फळीवरचे' म्हणत; तयार करून फळीवर टाकून दिलेले. अलेक्सांद्र अस्कोल्दोव्हचा 'कमिसार' १९६७ साली पुरा झाला. यादवी युद्धातील एक कडक स्त्री-अधिकारी बाळंतपणासाठी एका गरीब ज्यू कुटुंबात राहते, आणि त्या घरातील मुलाबाळांच्या खेळातून पुढील पिढीचा संहार क्षणभर डोळ्यांपुढे येतो. चित्रपट बंद झाला, अस्कोल्दोव्हची नोकरी गेली, पक्षातून हकालपट्टी झाली. वीस वर्षांनी, १९८७ साली, तो मॉस्कोत दाखविला गेला आणि १९८८ साली बर्लिनला त्याला रौप्य अस्वलाचे पारितोषिक मिळाले. अस्कोल्दोव्ह २०१८ साली वारला. त्याने आयुष्यात केलेला कथापट हा एकच.

दुसरा अलेक्सेई गेरमान याचा 'ट्रायल ऑन द रोड', १९७१ सालचा. जर्मनांना जाऊन मिळालेला एक रशियन सैनिक परत येऊन गनिमी तुकडीच्या स्वाधीन होतो. त्याच्यावर विश्वास ठेवायचा की नाही, हा प्रश्न. यात एक प्रसंग आहे. जर्मन आगगाडी उडविण्यासाठी पुलाला सुरुंग लावलेले आहेत. गाडी येते, आणि नेमकी त्याच वेळी पुलाखालून रशियन युद्धकैद्यांनी खचाखच भरलेली नाव जाऊ लागते. गनिमांचा म्हातारा नायक सुरुंग उडवू देत नाही. सरकारी हिशेबात शरण गेलेला सैनिक हा देशद्रोही. त्याच्यासाठी आगगाडी सोडायची? चित्रपट पंधरा वर्षे फळीवर राहिला. योगायोग असा की या दोन्ही चित्रपटांत प्रमुख भूमिका रोलान बीकोव्हची आहे. त्याची कामे प्रेक्षकांनी पाहिली तेव्हा तो पन्नाशी ओलांडून गेला होता.

लारिसा शेपित्को या दिग्दर्शिकेचा 'ॲसेंट' (१९७७) मात्र सुटला आणि बर्लिनचे सुवर्ण अस्वल घेऊन आला. बर्फात अन्नाच्या शोधात निघालेले दोन गनिम पकडले जातात. एक फाशी जातो, दुसरा जीव वाचविण्यासाठी शत्रूचा पोलीस होतो. हा दुसरा, रिबाक, आधी किती धीराचा, किती उपयोगी माणूस होता, हे दिग्दर्शिकेने अगदी सावकाश दाखविलेले आहे. म्हणूनच त्याचा अध:पात पाहताना आपल्याला तुच्छता वाटण्याऐवजी भीती वाटते. शेपित्को १९७९ साली पुढच्या चित्रपटासाठी स्थळे पाहत असता मोटार अपघातात वारली. वय अवघे ४१.

तिचा पती एलेम क्लिमोव्ह. बायलोरशियात जर्मनांनी माणसांसकट जाळलेल्या खेड्यांवर त्याला चित्रपट करावयाचा होता. वर्षानुवर्षे परवानगी मिळाली नाही. अखेर १९८५ साली 'कम अँड सी' आला. बंदुकीच्या हौसेने घरातून निघालेला एक पोरगा काही दिवसांत म्हाताऱ्यासारखा दिसू लागतो. अशी ६२८ खेडी जाळली गेली हे शेवटी अक्षरांत येते. आजची तरुण मंडळी याला सर्वश्रेष्ठ युद्धपट म्हणतात. तो विलक्षण आहे, पण मला विचाराल तर 'ॲसेंट' अधिक खोल जातो. 'कम अँड सी' प्रेक्षकाला इतका ठेचून काढतो की विचार करायला तो शिल्लक राहत नाही. मुलांसोबत घरी बसून पाहण्याचा हा चित्रपट नव्हे. त्यांना प्रथम 'बॅलड' दाखवावा.

मे १९८६ मध्ये चित्रपट व्यावसायिकांच्या संघाने क्लिमोव्हला आपला प्रमुख निवडले. त्याने पहिल्या प्रथम एक समिती नेमली आणि फळीवरचे डबे खाली काढविले. 'कमिसार'सह कितीतरी चित्रपट त्यातून प्रकाशात आले. क्लिमोव्ह स्वत: २००३ सालापर्यंत जगला, परंतु 'कम अँड सी' नंतर त्याने एकही चित्रपट केला नाही.