ऑनलाइन वर्गचर्चा

ऑनलाइन वर्गचर्चा म्हणजे एकाच वर्गातील किंवा अभ्यासक्रमातील विद्यार्थ्यांनी ठरावीक विषयावर इंटरनेटद्वारे परस्परांशी केलेली विचारांची देवाणघेवाण होय. व्याख्यानात ज्ञान मुख्यतः शिक्षकाकडून विद्यार्थ्याकडे जाते; चर्चेत विद्यार्थी सहाध्यायांच्या शंका, उदाहरणे व मतभेद यांतूनही शिकतो. महाराष्ट्रात ही पद्धत कोविड-१९ महामारीच्या काळात सर्वदूर पोहोचली.

प्रकार

चर्चेचे दोन प्रकार मानले जातात. समकालिक चर्चेत सर्वजण एकाच वेळी झूम, गूगल मीट यांसारख्या साधनांवर उपस्थित असतात. असमकालिक चर्चेत प्रत्येकजण आपल्या सोयीच्या वेळी लेखी किंवा ध्वनिमुद्रित मत नोंदवतो. पहिल्या प्रकारात उत्तर तत्काळ मिळते. दुसऱ्यात विचार करण्यास अवधी मिळतो आणि अखंड नेटवर्कची गरज भासत नाही.

पार्श्वभूमी

रँडी गॅरिसन, टेरी अँडरसन आणि वॉल्टर आर्चर यांनी २००० साली कॅनडात मांडलेल्या प्रतिमानानुसार अशा शिक्षणात वैचारिक, सामाजिक व अध्यापकीय अशा तीन प्रकारच्या उपस्थिती आवश्यक असतात. भारतात ९ जुलै २०१७ रोजी सुरू झालेल्या ‘स्वयम्’ या शासकीय मंचावरील अभ्यासक्रमांत चित्रफीत, वाचनसाहित्य व स्वयंमूल्यमापन यांसोबत चर्चा हा चौथा घटक असतो.

पेण व रोहा तालुक्यांतील परिस्थिती

२५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागू झाली. नवे शैक्षणिक वर्ष तोंडावर असतानाच ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. विजेचे खांब कोसळल्याने जिल्ह्यातील अनेक गावे बरेच दिवस अंधारात राहिली आणि मोबाइल सेवाही विस्कळीत झाली. त्यामुळे ऑनलाइन शिक्षणाचा आरंभच येथे अडचणीत झाला.

कुटुंबात एकच फोन असेल, तर तो पालकासोबत कामावर जातो. रोह्याजवळील धाटाव औद्योगिक क्षेत्रात पाळीवर जाणारा कामगार किंवा पेणच्या गणपती कारखान्यात काम करणारा कारागीर घरी परतल्यावरच मुलाच्या हाती फोन येतो. डोंगराळ भागातील कातकरी व ठाकर वाड्यांवर नेटवर्कचीही अडचण असते. अशा विद्यार्थ्याला सकाळच्या थेट तासाला बोलता येत नाही. रात्री संदेश वाचून उत्तर देणे मात्र शक्य होते.

सहभागाची रीत

आधीचे संदेश वाचणे, कोणत्या मुद्द्याला उत्तर देत आहोत ते सांगणे, मताला कारण जोडणे आणि व्यक्तीऐवजी विचारावर टीका करणे हे सहभागाचे सर्वमान्य संकेत आहेत. उदाहरणार्थ, ‘गणेशमूर्ती शाडूच्याच असाव्यात का?’ या प्रश्नावर केवळ ‘सहमत’ असे लिहिल्याने चर्चा पुढे सरकत नाही. शाडू पाण्यात विरघळतो, प्लास्टर ऑफ पॅरिस सहजी विरघळत नाही, हा मुद्दा एकाने मांडावा. शाडूची मूर्ती जड व ठिसूळ असते आणि पावसाळी हवेत सावकाश वाळते, हे दुसऱ्याने दाखवावे. तेव्हा कारागिराच्या उपजीविकेचा प्रश्नही चर्चेत येतो. कारखान्यात वाढलेल्या विद्यार्थ्याचे घरचे ज्ञान येथे वर्गाच्या उपयोगी पडते.

मर्यादा व उपाय

सहभागास गुण देताना केवळ संदेशांची संख्या मोजल्यास फोनअभावी गप्प राहिलेला विद्यार्थी अभ्यास न करणारा ठरतो. आगरी किंवा कातकरी बोली बोलणारी मुले प्रमाण मराठीत लिहिताना संकोचतात. व्हॉट्सॲप समूहात सर्वांचे दूरध्वनी क्रमांक उघड होतात, ही बाब विशेषतः मुलींच्या दृष्टीने चिंतेची ठरते. उत्तरासाठी काही दिवसांची मुदत, पाच-सहा जणांचे गट, बोलीतील ध्वनिसंदेशास मान्यता, कागदावर लिहिलेले मत वर्गात वाचून दाखवण्याची मुभा आणि सहाध्यायाचा संदेश बाहेर न पाठवण्याचा नियम हे त्यावरील सोपे उपाय होत.

सद्यस्थिती

४ ऑक्टोबर २०२१ पासून राज्यातील ग्रामीण भागात पाचवी ते बारावीचे आणि शहरी भागात आठवी ते बारावीचे वर्ग प्रत्यक्ष भरू लागले. त्यानंतर ऑनलाइन चर्चेचे स्थान प्रामुख्याने पूरक राहिले. उच्च शिक्षणात मात्र विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या विनियमांनी एका सत्रातील ४०% पर्यंत अभ्यासक्रम ‘स्वयम्’द्वारे पूर्ण करण्यास वाव दिल्याने तिचे महत्त्व टिकून आहे.

हेही पाहा

दूरशिक्षण
निसर्ग चक्रीवादळ
पेण तालुका
रोहा तालुका