भारनियमन आणि जिवंत तार

शब्दही इतिहासाची साधने असतात. ‘भारनियमन’ हा तसाच एक शब्द. ज्या कृतीने घरातला दिवा विझतो, तिला आपण ‘नियमन’ असे शिस्तशीर नाव दिले. कल्याण आणि उल्हासनगर यांच्यामधल्या विठ्ठलवाडीसारख्या वस्त्यांचा दिवस २००५नंतरची काही वर्षे या शब्दानेच आखला. दाभोळचा प्रकल्प २००१मध्ये बंद पडला होता. मागणी वाढत होती, निर्मिती मागे होती. जून २००५मध्ये वीज मंडळाचे विभाजन होऊन वितरण ‘महावितरण’कडे आले. मुंबई शहर या अंधारापासून वाचले, उपनगरांपलीकडली गावे नाही. पुढे जिथे वीजगळती आणि थकबाकी जास्त, तिथे भारनियमनाचे तास जास्त, असे सूत्र ठरले. वेळेवर बिल भरणारा शेजारीही त्यामुळे त्याच अंधारात बसे.

याच २००५च्या जानेवारीत बीएसएनएलची ब्रॉडबँड सेवा सुरू झाली. वेगवान इंटरनेट आणि लांबलेला अंधार असे जोडीनेच घरात आले.

दूरध्वनीची तांब्याची तार आपली वीज आपल्याबरोबर आणी. केंद्रातल्या ४८ व्होल्टच्या बॅटऱ्या तिला जिवंत ठेवीत, म्हणून काळोखातही रिसीव्हरमध्ये सूर ऐकू येई. मोडेमला मात्र घरातलाच प्लग हवा. तार जिवंत, यंत्र निपचित! ज्यांना परवडले त्यांनी इन्व्हर्टर घेतला; तरी वीज जाताच मोडेम क्षणभर विझे आणि जोडणी नव्याने जुळेपर्यंत थांबावे लागे.

पुढे प्रकाशतंतू आला. काच वीज वाहून नेत नाही. वाटेत विजेवर चालणारे काही नसेल, तर केंद्र आणि घर ही दोन टोके जागी असली की पुरे. घरचा राउटर १२ व्होल्टच्या छोट्या बॅटरीवर काही तास निघतो. पण जोडणी इमारतीच्या जिन्याखालच्या स्विचमधून आली असेल, तर तो विझताच घरची बॅटरी व्यर्थ.

या सगळ्या प्रवासात एक गोष्ट चुपचाप घडली: तार जागी ठेवण्याचे जे काम संस्थेचे होते, त्यातले निम्मे घराकडे आले. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबई महानगर परिसराची वीज गेली, तेव्हा मुंबई विद्यापीठाने त्या दिवशीच्या ऑनलाइन परीक्षा पुढे ढकलल्या. अंधार सर्वांचा होता, म्हणून वेळापत्रक बदलले. तो विठ्ठलवाडीच्या एकाच गल्लीचा असता, तर त्या विद्यार्थ्याची अनुपस्थिती कोणी अंधाराच्या खात्यावर मांडली असती?