ड्रॅगनस्वारांच्या कथेचा दुसरा भाग वाचताना

अद्भुतरम्य कथामालेचा पहिला भाग वाचकाला नव्या जगात घेऊन जातो; ते जग खरोखर टिकाऊ आहे की नाही, याची परीक्षा मात्र दुसऱ्या भागात होते. अमेरिकन लेखिका रेबेका यारोस यांच्या ‘एम्पिरियन’ मालेतील ‘आयर्न फ्लेम’ ही कादंबरी या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. मालेचा पहिला भाग ‘फोर्थ विंग’ मे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला आणि दुसरा भाग अवघ्या सहा महिन्यांत, नोव्हेंबर २०२३ मध्ये वाचकांच्या हाती पडला. तिसरा भाग ‘ऑनिक्स स्टॉर्म’ जानेवारी २०२५ मध्ये आला. एकूण पाच भागांची ही योजना आहे.

ड्रॅगन आणि त्याचा स्वार ही कल्पना यारोस यांची नव्हे. अॅन मॅकॅफ्री यांनी १९६७ मध्ये ‘पर्न’ नावाच्या ग्रहावरील ड्रॅगनस्वारांची कथा प्रथम लिहिली. त्या दीर्घकथेला १९६८ मध्ये ह्यूगो पुरस्कार मिळाला. कथालेखनासाठी हा पुरस्कार मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला होत. पुढे ख्रिस्तोफर पाओलिनी यांच्या ‘एरागॉन’ने हा विषय किशोरांपर्यंत नेला. आपल्याकडील पुराणांतील वाहन देवाच्या आज्ञेत असते. या कथांत मात्र ड्रॅगनच आपला स्वार निवडतो आणि त्याच्याशी मनोमन संवाद साधतो. निवड न झालेल्याला केवळ अपमानच नव्हे, तर मृत्यूही पत्करावा लागू शकतो.

व्हायोलेट सोरेनगेल ही या मालेची नायिका. ग्रंथालयात आयुष्य घालवण्याची तिची इच्छा असते. परंतु सेनापती असलेली आई तिला ड्रॅगनस्वारांच्या सैनिकी विद्यालयात धाडते. तिची हाडे सहज मोडतात, सांधे निखळतात. लेखिकेला स्वतःला एहलर्स-डॅनलॉस हा संयोजी ऊतींचा विकार आहे आणि नायिकेची शरीरप्रकृती तिने त्यावरूनच रेखाटली आहे. दुबळ्या शरीराने पराक्रमाच्या कथेत स्थान मिळवावे, हा या मालेचा गाभा आहे. मराठी वाचकाला येथे नाथमाधवांची आठवण होणे स्वाभाविक आहे. तरुणपणी सिंहगडावरून पडल्यामुळे त्यांचे चालणे-फिरणे थांबले. तरीही १९१३ मध्ये त्यांनी ‘वीरधवल’सारखी साहस आणि प्रेम यांनी भरलेली कादंबरी महाराष्ट्राला दिली.

दुसऱ्या भागात कथेचा रोख बदलतो. पहिल्या भागात प्रश्न जिवंत राहण्याचा होता. येथे तो सत्याचा आहे. ज्या राज्यासाठी लढायचे, त्यानेच सीमेपलीकडील भयंकर शत्रूचे अस्तित्व प्रजेपासून लपवले आहे, हे व्हायोलेटला कळलेले असते. राज्याचे रक्षण करणाऱ्या जादुई कवचाचे रहस्य शोधण्यासाठी ती तलवारीपेक्षा ग्रंथांकडे वळते. अभिलेखागारातील एका मैत्रिणीच्या साहाय्याने पहिल्या सहा ड्रॅगनस्वारांच्या काळातील रोजनिशा मिळवल्या जातात. त्या जुन्या भाषेतील मजकुराचा अर्थ लावणे आणि दोन नोंदींमधील विसंगती ओळखणे, यावर शेकडो लोकांचे प्राण अवलंबून राहतात. एखाद्या युद्धकथेत ग्रंथपालाला इतके महत्त्व क्वचितच मिळते.

प्रेमकथेचीही हीच कसोटी आहे. नायक झेडन रायर्सन पदवी घेऊन सीमेवर रुजू होतो. त्या दोघांचे ड्रॅगन परस्परांचे जोडीदार असल्याने त्यांना फार काळ दूर राहता येत नाही. ठराविक दिवसांनी भेट, पुन्हा ताटातूट आणि त्यात झेडनने राखून ठेवलेली गुपिते, असा हा संसार आहे. लेखिका स्वतः सैनिकाची पत्नी असल्याने विरहाचे हे चित्रण केवळ कल्पनेतून आलेले वाटत नाही. देवळालीचे तोफखाना केंद्र आणि नाशिकरोड येथे २००३ मध्ये सुरू झालेले लष्कराच्या हवाई दलाचे प्रशिक्षण विद्यालय यांच्या सान्निध्यात राहणाऱ्या नाशिककरांना अशी कुटुंबे अपरिचित नाहीत.

दोषही सांगितले पाहिजेत. सहाशेहून अधिक पानांच्या या ग्रंथात मधला भाग रेंगाळतो. नायक-नायिकेतील तोच वाद पुनःपुन्हा येतो. पात्रे आणि स्थळे इतकी आहेत की पहिला भाग ताजा नसेल तर वाचक गोंधळतो. म्हणून दुसरा भाग हाती घेण्यापूर्वी किमान पहिल्या भागाची शेवटची काही प्रकरणे पुन्हा वाचावीत. आणखी एक गोष्ट पालकांनी ध्यानात ठेवावी. मुखपृष्ठावर ड्रॅगन असला तरी ही बालवाङ्मयाची पुस्तके नव्हेत. त्यांत हिंसा आणि उघड शृंगारवर्णने आहेत. ती प्रौढांसाठीच लिहिलेली आहेत.

पुढील भागासाठी तळमळणारा वाचक भारताला नवा नाही. देवकीनंदन खत्री यांच्या १८८८ मधील ‘चंद्रकांता’नंतर आलेली ‘चंद्रकांता संतति’ चोवीस भागांपर्यंत वाढली आणि ती वाचण्यासाठी अनेकांनी हिंदी शिकून घेतली, असे सांगतात. मराठीतही लक्ष्मणशास्त्री हळबे यांच्या १८६१ मधील ‘मुक्तामाले’पासून अद्भुतरम्य कादंबरी बहरली. हरिभाऊ आपटे यांच्यानंतर वास्तववादाला प्रतिष्ठा लाभली आणि हा प्रवाह करमणुकीच्या कोपऱ्यात गेला. आजचे तरुण वाचक हीच भूक इंग्रजी पुस्तकांनी भागवत आहेत.

नाशिकला वाचनाची परंपरा मोठी आहे. येथील सार्वजनिक वाचनालयाची स्थापना १८४० मधील. तर कुसुमाग्रज प्रतिष्ठानने २००९ मध्ये सुरू केलेल्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ उपक्रमातून शंभर पुस्तकांच्या पेट्या वाचकांच्या गटांपर्यंत पोहोचल्या. अशा शहरात प्रश्न इतकाच उरतो की, जाडजूड इंग्रजी कादंबरीचा दुसरा भाग उत्कंठेने वाचणाऱ्या मुलीला तिच्या भाषेतील अद्भुताचे दालन कोण उघडून दाखवणार? वाचनाची गोडी लागली आहे, हे शुभ लक्षण आहे. मराठी लेखक आणि प्रकाशकांनी तिला प्रतिसाद देणे आता अगत्याचे आहे.