लक्षणकालीन हृल्लेखन

लक्षणकालीन हृल्लेखन : छातीत धडधड, भोवळ, डोळ्यांपुढे अंधारी यांसारखे लक्षण प्रत्यक्ष जाणवत असतानाच, रुग्णाने जवळ बाळगलेल्या लहान यंत्राने हृदयाच्या विद्युत्-क्रियेचा आलेख नोंदवून ठेवण्याची पद्धती. दवाखान्यातील नेहमीचा ईसीजी जेमतेम १० सेकंदांचा असतो. धडधड मात्र पंधरवड्यातून एखाद्या वेळी उद्भवते आणि रुग्ण डॉक्टरांपुढे हजर होईपर्यंत बहुधा मागमूस न ठेवता ओसरते. तक्रार आहे पण दाखला नाही, या अडचणीचे निवारण हे या पद्धतीचे प्रयोजन होय.

विलेम आइंटहोव्हेन (नोबेल पारितोषिक, १९२४) यांचे हृल्लेखयंत्र खोली व्यापणारे होते. अमेरिकेतील माँटॅना राज्याच्या हेलेना येथील भौतिकीविज्ञ नॉर्मन होल्टर यांनी चालत्याफिरत्या माणसाचा आलेख रेडिओलहरींनी पाठविणारे यंत्र सिद्ध केले. त्याचे पाठीवर वाहावयाचे ओझे सुमारे ३८ किग्रॅ. होते. पुढे फितीवर नोंद करणारी आटोपशीर यंत्रे आली आणि २४ ते ४८ तासांच्या अखंड लेखनास ‘होल्टर’ हेच नाव रूढ झाले.

तथापि या मुदतीत लक्षण उद्भवलेच नाही, तर घटनालेखक हे यंत्र उपयोगी पडते. त्याच्या एका प्रकारात, धडधड सुरू होताच रुग्ण दोन्ही हातांची बोटे धातूच्या पट्ट्यांवर ठेवतो; स्नायूंच्या थरथरीने आलेख बिघडू नये म्हणून हात टेबलावर टेकवून सुमारे अर्धे मिनिट निश्चल बसतो. दुसऱ्या प्रकारात छातीला चिकटविलेले यंत्र जुनी नोंद पुसत नवी घेत राहते आणि कळ दाबताच त्या क्षणापूर्वीचाही काही भाग जतन करते. त्यामुळे मूर्च्छित झालेल्या रुग्णाने शुद्धीवर आल्यावर कळ दाबली, तरी मूर्च्छेच्या वेळची लय हाती लागू शकते. क्वचित उद्भवणाऱ्या मूर्च्छेसाठी त्वचेखाली बसविलेले यंत्र काही वर्षे काम देते.

आलेखाबरोबर वेळ, लक्षण आणि त्या वेळी चाललेले काम यांची टिपणवही ठेवणे आवश्यक असते. कारण लक्षण आणि लय यांची सांगड हेच येथील निदानाचे मर्म आहे. धडधडीच्या वेळी अलिंदांचे अनियमित कंपन आढळल्यास, पक्षाघाताचा धोका जोखून रक्त गोठण्यास प्रतिबंध करणाऱ्या औषधांचा विचार करता येतो. उलट, ऐन धडधडीत लय स्वाभाविक आढळली, तर तोही तितकाच मोलाचा पुरावा ठरतो : रुग्णाची तक्रार खरीच असते, पण तिचे मूळ लयबिघाडात नसून रक्तक्षय, ज्वर, चिंता अशा अन्य कारणांत शोधावे लागते. लक्षणाविना घेतलेला निर्दोष आलेख मात्र असा निर्वाळा देऊ शकत नाही.

बोटांवरून घेतलेल्या एकपदरी आलेखावरून हृदयविकाराचा झटका नाकारता येत नाही. म्हणून छातीत दुखणे, धाप किंवा शुद्ध हरपणे अशा प्रसंगी नोंदीसाठी न थांबता रुग्णास तत्काळ रुग्णालयात न्यावे.