नाडीपासून रक्ताभिसरणापर्यंत : भिवंडी परिसरातील हृदयाचे शिक्षण

मनगटावर बोटे टेकवून आजार ओळखण्याची विद्या आयुर्वेदात होती, तशी युनानीतही होती. भिवंडी हे खाडीकाठचे जुने व्यापारी गाव. कोकणी मुसलमान, आगरी, कुणबी आणि १८५७ नंतर उत्तर हिंदुस्थानातून आलेले मोमीन विणकर इथे शेजारी राहिले. अशा गावात वैद्याची नाडी आणि हकिमाची नब्ज यांच्यापलीकडे हृदयाचे वेगळे शिक्षण नव्हते.

दोन्ही परंपरांच्या ग्रंथांत हृदयाला मोठे स्थान आहे. चरकसंहितेत ते चेतनेचे आणि ओजाचे घर आहे व दहा मोठ्या वाहिन्यांचे मूळ आहे. सुश्रुतसंहितेत ते अधोमुख कमळासारखे सांगितले आहे; अन्नरस तिथून चोवीस धमन्यांवाटे शरीरभर जातो. शार्ङ्गधराने नाडीच्या चाली प्राण्यांच्या चालीवरून लावल्या : वाताची सापासारखी, पित्ताची बेडकासारखी, कफाची हंसासारखी. हकिमांच्या हाती इब्न सिनाचा ‘कानून’ हा वैद्यकग्रंथ होता आणि त्यामागे प्राचीन ग्रीक वैद्य गेलेनचे शरीरशास्त्र. यकृतात रक्त तयार होते, अवयव ते वापरून टाकतात आणि हृदयाच्या मधल्या पडद्यातील बारीक छिद्रांतून ते उजवीकडून डावीकडे झिरपते, असे गेलेन मानत असे. तेराव्या शतकात इब्न अल-नफीसने ही छिद्रे नाकारली आणि रक्त फुप्फुसांतून फिरून डावीकडे येते असे लिहिले. पण ‘कानून’च्या प्रभावापुढे त्याचे म्हणणे शतकानुशतके मागे पडले.

नाडीची परीक्षा या वैद्य-हकिमांनी फार बारकाईने केली, हे मान्यच करायला हवे. वेग, जोर, लय, ताण यांतले फरक त्यांच्या बोटांना कळत. अडचण वेगळी होती : बोटाखालून गेलेले रक्त पुन्हा परत येते, हे बोटाला कळण्याचा मार्ग नव्हता. सुश्रुताने शवाच्या अभ्यासाची जी रीत सांगितली, तीत शव गवतात गुंडाळून वाहत्या पाण्यात सात रात्री ठेवायचे आणि मऊ झालेले थर घासून काढत जायचे. थर पाहण्यासाठी ही रीत उपयोगी आहे. हृदयाच्या आतल्या नाजूक झडपा मात्र तीत टिकणे कठीण.

ही कोंडी इंग्रज वैद्य विल्यम हार्वेने फोडली. १६२८ मध्ये फ्रँकफुर्टला छापलेल्या छोट्या लॅटिन ग्रंथात त्याने साधा हिशेब मांडला. एका ठोक्यात हृदयातून बाहेर पडणारे रक्त अगदी थोडे धरले, तरी अर्ध्या तासात ते शरीरातल्या एकूण रक्ताहून जास्त भरते. एवढे नवे रक्त अन्नातून तयार होणे शक्य नाही. म्हणजे तेच रक्त फिरून येत असले पाहिजे. दंडावर पट्टी आवळून त्याने पुरावाही दाखवला. हातावरच्या शिरा फुगतात, त्यांत जागोजागी गाठी दिसतात. त्या गाठी म्हणजे झडपा, आणि रक्त त्या हृदयाच्या दिशेनेच जाऊ देतात. हा प्रयोग आजही कोणत्याही वर्गात करता येतो. धमन्यांतले रक्त शिरांत कसे पोहोचते, हे त्याला दिसले नव्हते. १६६१ मध्ये माल्पिगीने सूक्ष्मदर्शकाखाली बेडकाच्या फुप्फुसातल्या, धमन्या आणि शिरा जोडणाऱ्या केशवाहिन्या पाहिल्या आणि वर्तुळ पूर्ण झाले.

आज शिकवले जाते ते चित्र हेच. शरीरातून आलेले ऑक्सिजन कमी असलेले रक्त उजव्या अलिंदात (वरच्या कप्प्यात), तिथून उजव्या निलयात (खालच्या कप्प्यात) आणि मग फुप्फुसांत जाते. ऑक्सिजन घेऊन ते डाव्या अलिंदात परतते आणि डाव्या निलयातून महाधमनीवाटे शरीरभर जाते. डाव्या निलयाची भिंत उजव्यापेक्षा जाड असते, कारण त्याला रक्त दूरवर लोटायचे असते. सुमारे ३०० ग्रॅमचा हा अवयव मिनिटाला ७० च्या आसपास ठोके देत जवळजवळ पाच लिटर रक्त पुढे ढकलतो.

हे ज्ञान मुंबईत १८२६ मध्ये जॉन मॅक्लेननच्या वैद्यकीय शाळेतून देशी भाषांत द्यायचे ठरले. १८३२ मध्ये ती शाळा बंद झाली. १८४५ मध्ये जे. जे. रुग्णालय आणि ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले तेव्हा शिक्षण इंग्रजीत गेले. चार्ल्स मोरहेड प्राचार्य होते. १८५१ मध्ये पदवी मिळवणाऱ्या पहिल्या तुकडीत भाऊ दाजी लाड होते. शवविच्छेदन करून हृदय हातात घेऊन पाहणारी मराठी माणसांची पिढी इथून घडली. १८५४ मध्ये रेल्वे भिवंडीजवळच्या कल्याणपर्यंत आली आणि भिवंडीच्या रुग्णाला मुंबईची वाट सोपी झाली. कल्याणात बालपण गेलेल्या आनंदीबाई जोशी मात्र शरीरशास्त्र शिकायला फिलाडेल्फियाला गेल्या. मार्च १८८६ मध्ये त्या एम. डी. झाल्या आणि वर्षाच्या आतच वारल्या. त्यांची विद्या त्यांच्या माणसांना मिळाली नाही, ही या इतिहासातली मोठी हानी आहे.

विसाव्या शतकात परळचे के. ई. एम. रुग्णालय हृदयविद्येचे केंद्र झाले. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये सर्पगंधेच्या मुळीचा उच्च रक्तदाबावरचा परिणाम ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये मांडला. जुन्या औषधीची नव्या मोजमापाने झालेली ही पारख जगाने स्वीकारली. डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी कुत्र्यांवर दीर्घकाळ प्रयोग करून फेब्रुवारी १९६८ मध्ये, म्हणजे बर्नार्ड यांनी केलेल्या जगातल्या पहिल्या मानवी हृदयप्रत्यारोपणानंतर तीन महिन्यांच्या आत, भारतातले पहिले हृदयप्रत्यारोपण केले. रुग्ण काही तासच जगला. दात्याचे हृदय घेण्यासाठी आवश्यक असलेली मेंदूमृत्यूची मान्यता देणारा कायदा १९९४ मध्ये आला आणि त्याच वर्षी दिल्लीत प्रत्यारोपण यशस्वी झाले.

हृदयाचा धडा सर्वसामान्य मुलांपर्यंत नेण्याचे काम पाठ्यपुस्तकांनी केले. १९६७ मध्ये स्थापन झालेली बालभारती विज्ञानाची पुस्तके मराठीत काढते, तशी उर्दूतही. त्यामुळे भिवंडीतल्या मराठी आणि उर्दू शाळांत हृदयाचे चार कप्पे मुले आपापल्या भाषेत शिकतात. यंत्रमागांच्या या गावात या धड्याचे मोल अधिक आहे. सुती धाग्याच्या धुळीत वर्षानुवर्षे काम केल्याने बिसिनोसिस हा फुप्फुसांचा आजार होऊ शकतो. सुट्टीनंतर कामाच्या पहिल्या दिवशी छाती आवळणे ही त्याची सुरुवातीची खूण. फुप्फुसे फार बिघडली की त्यांच्यात रक्त लोटणाऱ्या उजव्या निलयावर ताण येतो आणि पायांवर सूज चढते. माग चालवणाऱ्याला धाप लागत असेल आणि पाय सुजत असतील, तर त्याने छातीबरोबर हृदयाचीही तपासणी करून घ्यावी.