काय गेले आणि काय उरले?

म्हसवडच्या बाजूला विहिरी खोल. विहिरीत उतरणे, झाडावर किंवा छपरावर चढणे ही कामे रोजची. अशा कामात कोणी पडला आणि पाय हलेनासे झाले, तर गाव एका वाक्यात निकाल देते : ‘तो कमरेतून गेला.’

वैद्यकशास्त्राचा निकालही हजारो वर्षे वेगळा नव्हता. इ. स. पूर्व १६०० च्या सुमाराच्या एका इजिप्शियन पपायरसात मान मोडून हातपाय बधिर झालेल्या रुग्णाबद्दल ‘यावर उपचार करू नये’ असा सल्ला आहे.

मज्जारज्जू ही मेंदू आणि शरीर यांच्यातील निरोपांची वाट. ती तुटली की खालच्या भागाची हालचाल, संवेदना आणि लघवीवरचा ताबा जातो. तुटलेली वाट पूर्ववत जोडण्याचा उपाय आजही नाही. मात्र पहिल्या महायुद्धातील असे बहुसंख्य जखमी दगावले ते एकाच स्थितीत पडून राहिल्याने झालेल्या जखमा चिघळून आणि मूत्रमार्गातील जंतुसंसर्गाने. म्हणजे टाळता येण्याजोग्या कारणांनी!

हे ओळखले लुडविग गुटमान यांनी. नाझी जर्मनीतून १९३९ मध्ये इंग्लंडला आलेल्या या डॉक्टरांनी १ फेब्रुवारी १९४४ रोजी स्टोक मँडेव्हिल येथे अशा रुग्णांचा खास विभाग सुरू केला. दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, रुग्णाची कूस बदलायची हा तेथला नियम. एकट्या डॉक्टरला हे जमणारे नव्हते. त्यासाठी पथकच हवे होते.

आज असे पथक नव्या रुग्णाची पाहणी कशी करते? डॉक्टर टाचणी टोचून आणि ठरावीक स्नायूंचे बळ पाहून इजेची पातळी ठरवतात. परिचारिका त्वचा आणि लघवीची स्थिती पाहते. भौतिकोपचारतज्ज्ञ सांध्यांची हालचाल तपासतात. जेवण, कपडे घालणे यांतले काय जमेल, ते व्यवसायोपचारतज्ज्ञ बघतात. समाजसेवक घर आणि पोटापाण्याची चौकशी करतात. मग सारे एकत्र बसून, रुग्णाला विचारून, पुढचे उद्दिष्ट ठरवतात. सुरुवातीच्या धक्क्यात शाबूत भागही गप्प असू शकतो, म्हणून तपासणी पुन्हा पुन्हा होते.

एक प्रयोग वर्गात करून पाहा. हात सैल सोडून मनगट वर उचला. बोटे आपोआप मिटतात. मानेतील सहाव्या मज्जाखंडापर्यंतची वाट शाबूत असेल, तर बोटे लुळी असूनही रुग्ण मनगट उचलून या युक्तीने हलकी वस्तू धरू शकतो. उरलेले नेमके शोधायचे, ते यासाठी.

गुटमान यांनी २९ जुलै १९४८ रोजी चाकाच्या खुर्चीवरील १६ जणांची धनुर्विद्या स्पर्धा भरवली. तिच्यातूनच पॅरालिंपिक उभे राहिले. साताऱ्याला लागून असलेल्या सांगली जिल्ह्यातील पेठचे जवान मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात जखमी झाले. गोळी मणक्यात रुतली आणि कमरेखालचा भाग लुळा पडला. उपचार म्हणून ते पोहू लागले. १९७२ मध्ये हायडेलबर्गला त्यांनी ५० मीटर पोहण्यात ३७.३३ सेकंदांत सुवर्णपदक जिंकले. पॅरालिंपिकमधले हे भारताचे पहिले सुवर्णपदक. १९७४ मध्ये खडकीला अशा जवानांसाठी पुनर्वसन केंद्रही सुरू झाले.

रुग्णालयातले पथक रुग्णाला घराच्या उंबरठ्यापर्यंत आणून सोडते. तो उंबरठा, शाळेची पायरी आणि ‘कमरेतून गेला’ हे वाक्य, या तीन गोष्टी बदलणे मात्र गावाच्याच हाती आहे.