तारेच्या शेवटच्या टोकाला

सोयाबीन निघालं की रिसोड तालुक्यात हरभऱ्या-गव्हाच्या ओलिताची घाई सुरू होते. रिठदच्या शिवारापासून पैनगंगेच्या काठापर्यंत शेकडो विहिरींवर एकाच वेळी मोटारी चालू होतात आणि लाईन असूनही नसल्यासारखी होते. घरातला बल्ब तांबूस दिसू लागतो, पंखा रेंगाळतो, विहिरीवरची मोटार नुसती घुमते आणि पाणी काही उचलत नाही.

यामागचं कारण साधं आहे. थ्री फेज मोटारीला ४१५ व्होल्टचा दाब लागतो. उपकेंद्रापासून ११ केव्हीची लाईन जितकी लांब, डीपीपासून (शिवारातल्या ट्रान्सफॉर्मरपासून) विहिरीपर्यंतची तार जितकी बारीक आणि त्यावर मोटारी जितक्या जास्त, तितका दाब वाटेतच गळतो. ४१५ चे ३३० व्होल्ट झाले, तर मोटारीचा जोर जवळपास दोन तृतीयांशावर येतो. पाणी तेवढंच उचलायचं असल्यामुळे मोटार जास्त करंट ओढते, वाइंडिंग तापतं, शेवटी जळतं. शिवाय त्या जादा करंटमुळे पुढच्या विहिरीवरचा दाब आणखी पडतो. सगळ्यात जास्त सोसतो तो तारेच्या टोकाचा शेतकरी. वाशीम जिल्ह्यातली गावं या टोकाला कशी राहिली, याचं उत्तर गेल्या साठ वर्षांच्या निर्णयांत सापडतं.

मुंबईसाठी टाटांनी खोपोलीला जलविद्युत केंद्र सुरू केलं ते १९१५ साली. वऱ्हाडातल्या खेड्यांना त्यानंतर कित्येक दशकं कंदिलावर काढावी लागली. २० जून १९६० रोजी महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झालं आणि त्याच दशकात अकोला जिल्ह्यात पारसचं औष्णिक केंद्र उभं राहिलं. तेव्हा वाशीम हा अकोला जिल्ह्याचाच भाग होता. वेगळा जिल्हा झाला तो १ जुलै १९९८ रोजी. म्हणजे वीज तेव्हाच्या आपल्याच जिल्ह्यात तयार होत होती. पुढे कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर अशी मोठी केंद्रं विदर्भातच झाली. कोळसा इथला, राख इथली, आणि सर्वांत लांबलचक अंधारही इथलाच, ही विदर्भाची तक्रार तेव्हापासूनची आहे.

गावात वीज पोचली की नाही, हे मोजण्याची सरकारी रीतही फसवी होती. १९९७ पर्यंत गावाच्या महसुली हद्दीत कुठल्याही कामासाठी वीज वापरली गेली, तरी ते गाव विद्युतीकृत धरलं जाई. एका विहिरीवरची मोटार त्याला पुरेशी होती. किमान दहा टक्के घरं आणि शाळा, पंचायत यांसारख्या सार्वजनिक जागा उजळायला हव्यात, ही अट आली ती २००४ मध्ये.

मोटारींची संख्या मात्र वेगानं वाढत होती. १९७२ च्या दुष्काळानंतर विहीर हाच शेतकऱ्याचा भरवसा झाला. सत्तरच्या दशकातच कृषिपंपांना मीटरऐवजी अश्वशक्तीवर ठोक बिल आकारायला सुरुवात झाली. कुणाच्या मोटारीनं किती वीज घेतली, हे त्यामुळे नेमकं कळेनासं झालं आणि गळती, चोरी व शेतीचा खरा वापर एकाच आकड्यात मिसळून गेले. प्रादेशिक असमतोल मोजणाऱ्या वि. म. दांडेकर समितीनं १९८४ साली अनुशेषाचा हिशेब मांडला. सिंचनाबरोबर ग्रामीण विद्युतीकरणाचाही त्यात समावेश होता. डिमांड नोटचे पैसे भरून जोडणीची वाट पाहत बसलेला वऱ्हाडातला शेतकरी तेव्हापासून कागदोपत्री नोंदलेला आहे.

खरी कसोटी लागली २००० नंतर. दाभोळचा एन्रॉन प्रकल्प १९९९ मध्ये सुरू झाला खरा, पण त्याची महाग वीज मंडळाला परवडेना आणि मे २००१ मध्ये खरेदी थांबली. मधल्या काळात राज्यानं पुरेशी नवी केंद्रं उभारली नव्हती. ६ जून २००५ रोजी मंडळाचं विभाजन होऊन महानिर्मिती, महापारेषण आणि महावितरण या कंपन्या झाल्या, तेव्हा कमाल मागणीच्या वेळची तूट ४,००० मेगावॉटच्या पुढे गेली होती. मागणी निर्मितीच्या वर गेली की अख्ख्या ग्रिडची फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झच्या खाली घसरते. वेळीच भार उतरवला नाही तर केंद्रं एकामागोमाग बंद पडतात. म्हणून कुणाची तरी लाईन तोडावीच लागते. कुणाची, हाच प्रश्न होता.

मुंबईला भारनियमन नव्हतं. पुण्यानं २००६ मध्ये वेगळी वाट काढली: कारखान्यांनी आपले जनरेटर चालवून ग्रिडवरचा भार कमी केला आणि त्याचा जादा खर्च ग्राहकांनी बिलातून सोसला. बाकी राज्यात वीजगळती आणि वसुली पाहून गट पाडले गेले. जिथे गळती जास्त, तिथे अंधार जास्त. हिशेब म्हणून हे तर्काला धरून होतं, पण त्यात वर्षानुवर्षं नियमित बिल भरणारं घरही आकडे टाकणाऱ्या शेजाऱ्याबरोबर अंधारात बसलं. खेड्यापाड्यांत बारा-बारा तास लाईन नसे. पिठाची गिरणी, पाण्याची टाकी, दहावीचा अभ्यास, सगळं लाईनच्या वेळापत्रकावर चालू लागलं.

संध्याकाळी घरात उजेड असावा, पण मोटारी चालू नयेत, यासाठी महावितरणनं सिंगल फेजचा उपाय काढला. शेतकऱ्यांनी त्यावर कंडेन्सर लावून एकाच फेजवर मोटार फिरवली. लाईन कधी येईल याचा भरवसा नसल्यानं अनेकांनी स्टार्टरला ऑटो स्विच बसवले. मग लाईन येताक्षणी शिवारातल्या साऱ्या मोटारी एकदम उठत आणि डीपीवर धक्का बसे. डीपी जळली की ऐन ओलितात दिवस वाया जात. वर्गणी करून, स्वतःच्या ट्रॅक्टरवर जळकी डीपी नेऊन दुरुस्त करून आणणारी गावं विदर्भात कमी नाहीत. अक्षय प्रकाश योजनेत काही गावांनी संध्याकाळी मोटारी बंद ठेवण्याचा सामूहिक निर्णय घेतला आणि बदल्यात घरांना अखंड उजेड मिळवला. गावकऱ्यांनी आपसातच भार वाटून घेतल्याचं हे मोलाचं उदाहरण आहे.

पुढे गावठाण आणि शेती यांचे फीडर वेगळे झाले. गावातला उजेड स्थिरावला, पण मोटारींच्या वाट्याला चक्राकार वेळापत्रक आलं: काही दिवस दिवसा आठ तास, तर काही दिवस रात्री दहा तास. ३० आणि ३१ जुलै २०१२ रोजी उत्तर आणि पूर्व भारतातलं ग्रिड कोसळलं आणि साठ कोटींहून अधिक लोकांच्या भागातली वीज गेली, तेव्हा महाराष्ट्र वाचला. त्याच वर्षअखेरीस कमी गळतीचे गट भारनियमनातून मुक्त झाले. शेतकऱ्याचं रात्रीचं ओलित मात्र संपलं नाही. थंडीच्या मध्यरात्री, साप-विंचवाच्या आणि रानडुकरांच्या भीतीत पाण्याची बारी मोडायला जाणं, हा टंचाईच्या काळात पडलेला नियम टंचाई सरल्यावरही टिकला.

वाशीम जिल्ह्यात याची आणखी एक बाजू दिसली. सिंचनाचा अनुशेष भरून काढण्यासाठी पैनगंगेवर बॅरेजेस बांधली गेली. पाणी अडलं, पण ते उचलायला पुरेशी उपकेंद्रं आणि लाईन वेळेवर आली नाहीत. काठावरच्या शेतकऱ्याला पाणी डोळ्यांसमोर दिसत होतं आणि मोटार चालत नव्हती. एका खात्याचं काम दुसऱ्या खात्याशी न जुळल्याची किंमत त्यानं हंगामामागून हंगाम मोजली.

मुख्यमंत्री सौर कृषिवाहिनी योजना २०१७ पासून आणि तिचा दुसरा टप्पा २०२३ पासून राबवला जात आहे. उपकेंद्राजवळच सौर प्रकल्प उभारून शेतीच्या फीडरला दिवसा वीज द्यायची, असा तिचा आराखडा आहे. वीज जवळच तयार झाली, तर शेकडो किलोमीटरच्या पारेषणावरचा ताण हलका होतो. २०२४ मध्ये साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांची वीज पाच वर्षांसाठी मोफतही झाली. पण उपकेंद्रापासून विहिरीपर्यंतची तार तीच आहे. तारा जाड करणं, मोठ्या डीपीचा भार दोन लहान डीपींवर वाटणं, कपॅसिटर बसवणं आणि जळालेली डीपी दोन दिवसांत बदलणं, ही कामं कुठल्याही योजनेत आपोआप होत नाहीत. रिठदच्या शिवारातल्या शेवटच्या विहिरीवर हरभऱ्याच्या हंगामात ४१५ व्होल्ट मिळतात का, हे मोजून जाहीर करण्याची जबाबदारी महावितरणनं घ्यायला हवी, आणि तो आकडा मागण्याचा हक्क त्या विहिरीच्या मालकाचा आहे.